मामाचं कुवेत, भाईंची खाडी आणि थिबाचा वाडा : कोकणातले चार दिवस

दिवस पहिला : पुणे, कुंभार्ली घाट, गुहागर

24 जून 2025 ला सकाळी सहाला मामाचा फोन आला. इतक्या पहाटे फोन म्हणजे काळजात धस्स होतं. मामा म्हणाला, "भाईचा फोन आला होता अगं. पस्तीस वर्षांनी."

आदल्या रात्री इराणने कतारमधल्या अल-उदैद या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली होती. भाईंचा मुलगा दोह्याला नोकरी करतो. त्याने कधीतरी फेसबुकवर माझ्या मामेभावाला शोधून मामाचा नंबर मिळवून ठेवला होता. त्या रात्री कोकणातल्या खाडीकाठच्या घरात भाईंना झोप लागेना, तेव्हा त्यांनी तो नंबर लावला. लढाईत सापडलेल्या परक्या मुलखातली रात्र कशी असते, हे ज्याला सांगावं लागत नाही असा त्यांच्या ओळखीत दुसरा होता तरी कोण?

मामा 1984 ते 1990 कुवेतमध्ये इलेक्ट्रिशियन होता. फहाहीलला एका खोलीत आठ जण, त्यांत मामा आणि भाई शेजारी शेजारी. 2 ऑगस्ट 1990 ला इराकी रणगाडे कुवेतमध्ये घुसले. पुढचा दीड महिना हे दोघे एकमेकांना धरून होते, आणि मुंबईत उतरल्यावर जे पांगले ते आजतागायत भेटले नव्हते. मी तेव्हा सहा वर्षांची होते. सहार विमानतळावर दाढी वाढलेला, हातात फक्त प्लास्टिकची पिशवी घेतलेला मामा मला ओळखूच आला नव्हता.

डिसेंबरात मी गाडी काढली. उंब्रजहून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली. घाटात सकाळी नऊलाही धुकं होतं आणि पोफळीच्या खाली उतरताच स्वेटर काढावे लागले. चिपळूणला जेवून दुपारी गुहागर गाठलं. (पेट्रोल शृंगारतळीला भरून घ्या, पुढे किनाऱ्याच्या रस्त्यावर पंप शोधत बसावं लागतं.)

संध्याकाळी व्याडेश्वराचं दर्शन घेऊन सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गेलो. मामा वाळूत बसून बराच वेळ समुद्राकडे बघत होता. मग आपणहून बोलायला लागला. "आम्ही तिथे असताना पलीकडे इराण-इराकची लढाई चालूच होती. 86 साली इराणने फाव घेतलं, तेव्हा रात्री तोफांनी खिडक्या थरथरायच्या. सकाळी उठून आम्ही कामावर."

कुवेतचं दुखणं मला त्या वाळूत बसून पहिल्यांदा नीट कळलं. देश चिमुकला, एका अंगाला इराक, समोर पाण्यापलीकडे इराण, दोघांची आठ वर्षं जुंपलेली. कुवेतने इराकला अब्जावधी डॉलर कर्ज दिलं, आपली बंदरं वापरू दिली. त्यामुळे इराणने कुवेतच्या तेलवाहू जहाजांना लक्ष्य केलं. कुवेतने मग अमेरिका आणि सोव्हिएत युनियन दोघांचीही दारं ठोठावली, आणि 1987 मध्ये त्याची 11 जहाजं अमेरिकेचा झेंडा लावून आखातात फिरू लागली. लढाई थांबली 1988 ला. दोन वर्षांत त्याच कर्जाचा आणि तेलाचा वाद उकरून इराकने कुवेतच गिळलं. ज्याला हात दिला त्यानेच मनगट धरलं, असं मामा म्हणाला.

रात्री खानावळीत उकडीचे मोदक होते. मामाने तीन खाल्ले. डॉक्टरांना सांगणार नाही असं मी कबूल केलं.

दिवस दुसरा : दाभोळ, तवसाळ, आणि खाडीकाठचं गाव

सकाळी धोपाव्याहून फेरीबोटीने गाडीसकट दाभोळला गेलो. अर्ध्या तासाचंही काम नाही, पण ही फेरी चुकवू नका. वाशिष्ठी समुद्राला मिळते तिथे पाण्याचा रंग मधोमध बदलतो, तो बोटीच्या कठड्यावरूनच दिसतो. अंजनवेलच्या बाजूला वायूच्या जहाजांसाठी बांधलेलं टर्मिनल आहे. समोरच्या याच अरबी समुद्रातून वर गेलं की होर्मुझची सामुद्रधुनी लागते. अरुंद जागी जेमतेम 33 किलोमीटर रुंद, आणि जग वापरतं त्यातलं साधारण एक पंचमांश तेल तिथून जातं. कुवेत, कतार, बहारीन यांना मोठ्या समुद्रावर यायला दुसरी पाण्याची वाटच नाही.

दाभोळ एके काळी याच होर्मुझशी व्यापार करायचं. घोडे यायचे, कापड जायचं. आज मशिदीचा घुमट सोडला तर त्या वैभवाचं काही दिसत नाही. 1659 च्या सुमारास बांधलेली ही मशीद बंदराला लागूनच आहे. काळ्या दगडाच्या पायऱ्यांवर एक म्हातारे गृहस्थ जाळं विणत बसले होते. त्यांनी आम्हाला आत नेऊन कमानी दाखवल्या आणि चहाला थांबवलं.

दाभोळचं एक जुनं दुःख मला तिथे आठवत होतं. मार्च 1508 मध्ये चौलजवळच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा मारला गेला. मारणारं आरमार इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आणि दीवच्या मलिक अयाझचं. सूड घ्यायला आल्मेदा निघाला दीवकडे, पण डिसेंबरच्या अखेरीस वाटेत लागलं आदिलशाहीतलं दाभोळ, आणि त्याने ते जाळून बेचिराख केलं. भांडण इजिप्त आणि पोर्तुगालचं, मसाल्याच्या व्यापारावरून. राख झाली कोकणातल्या बंदराची. ते म्हातारे जाळ्यातून मान वर न काढता म्हणाले, "मोठ्यांच्या वाटेवर घर असलं की असंच व्हायचं."

दुपारी तवसाळहून जयगडला जाणाऱ्या बोटीसाठी तासभर थांबावं लागलं. (सुट्टीच्या दिवसांत गाड्यांची रांग लागते. रोख पैसे जवळ ठेवा, खाडीच्या तोंडाशी मोबाइलची रेंज येते-जाते.) रांगेत पुढच्या मोटारसायकलवर एक तरुण होता, बोटीवर बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम), चार महिन्यांच्या सुट्टीवर आलेला. आमच्याकडून चिकी घेतली आणि मग मोकळेपणाने बोलला. बाब-अल-मंदेब, म्हणजे तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या सामुद्रधुनीतून जाताना डेकवरचे दिवे बंद ठेवायचे. त्या पट्ट्यात जायचं नसेल तर खलाशाला नाही म्हणता येतं, गेलं तर मूळ पगार दुप्पट. "आईला सांगितलं नव्हतं मावशी. ती टीव्हीवर बघून समजली." येमेनमधल्या हुथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाल्यापासून बऱ्याच कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली, म्हणजे दहा-पंधरा दिवस जास्तीचे.

तो जिबूतीबद्दल फार आपुलकीने बोलत होता. मार्च 2024 मध्ये एडनच्या आखातात 'ट्रू कॉन्फिडन्स' जहाजावर क्षेपणास्त्र पडून तीन खलाशी गेले. उरलेल्या 21 जणांना आपल्या 'आयएनएस कोलकाता'ने उचललं, त्यांत एक भारतीय होता, आणि सगळ्यांना नेलं जिबूतीला. नकाशावर शोधावा लागेल असा देश. अमेरिका, फ्रान्स, जपान, इटली आणि 2017 पासून चीन, सगळ्यांचे लष्करी तळ त्याने आपल्या जमिनीवर घेतलेत. एकाच्याच दावणीला बांधून घेतलं नाही, म्हणून आज कुणालाच त्याला वाऱ्यावर सोडणं परवडत नाही. बोसन म्हणाला, "आमच्यासाठी ते म्हणजे जवळचा दवाखाना." बोटीतून उतरताना मामाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

गावाचं नाव मी लिहीत नाही. शास्त्री नदीच्या खाडीला लागून, नारळी-पोफळीत दडलेली पंचवीस-तीस घरं. भाई दारातच उभे होते. पांढरा लेंगा, डोक्यावर टोपी, हातात काठी. मामा गाडीतून उतरला आणि दोघेही चार पावलांवर थबकले. भाई म्हणाले, "मास्तर, तू एवढा म्हातारा कधी झालास रे?" मामा छावणीत सगळ्यांचे अर्ज लिहायचा, म्हणून मास्तर. मग दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून लहान मुलांसारखे रडले. चाची, म्हणजे भाईंच्या पत्नी, पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मी सामान काढायच्या निमित्ताने गाडीमागे गेले.

जेवायला तांदळाची भाकरी, नारळाच्या रसातलं कोळंबीचं कालवण, तळलेले बांगडे आणि सांदणं. चाचींच्या हातची सांदणं इतकी हलकी होती की बोटाचा ठसा उमटून पुन्हा वर यायचा. मी कृती विचारली. म्हणाल्या, तांदूळ जुना पाहिजे आणि घाई नको.

जेवण झाल्यावर भाईंनी आतून पत्र्याची ट्रंक आणवली. डांबराच्या गोळ्यांचा वास. वर शालजोड्या, खाली एक राखाडी घोंगडी. खरखरीत, कडेला लाल दोऱ्याची शिलाई, एका कोपऱ्यात फिकट गुलाबी झालेली चंद्रकोर, मध्ये स्टोव्हच्या ठिणगीने पडलेलं बोटभर भोक. मामाने त्या भोकातून बोट घातलं आणि म्हणाला, "रुवैशिद."

कुवेतहून बसरा, बगदाद आणि मग सरळ पश्चिमेला जॉर्डनची हद्द, रुवैशिद गावाजवळ. इराकी चौकी आणि जॉर्डनची चौकी यांच्यामधल्या वाळवंटात हजारो माणसं अडकलेली. बांगलादेशी, श्रीलंकन, फिलिपिनो, इजिप्शियन आणि आपले. दिवसा तंबूत बसवत नाही, रात्री थंडीने दात वाजतात. मामा आणि भाई तिथे नऊ दिवस होते. जॉर्डनच्या बायका ट्रकमागून भाकऱ्या द्यायच्या, त्या मोठ्या पातळ खुब्झ. एक बाई रोज यायची आणि सगळ्यांत आधी लेकुरवाळ्यांना शोधायची. भाई म्हणाले, "आपल्याच घरात पाणी नाही, आणि पाहुण्याला घागर देतात. तसे लोक."

आणि खरंच त्यांच्या घरात पाणी नव्हतं. जॉर्डनची लोकसंख्या तेव्हा पस्तीस लाखांच्या आसपास. तेल बहुतेक इराककडून यायचं. अकाबा बंदर इराकच्या मालावर चालायचं, ते 6 ऑगस्टच्या संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांनी बसलं. एका हद्दीला इराक, दुसरीला इस्रायल, तिसरीला सौदी. राजे हुसेन यांनी इराकविरुद्धच्या फौजांत जायचं नाकारलं, चर्चेने सुटेल म्हणून राजधान्यांच्या खेपा घातल्या. त्याची शिक्षा म्हणून सौदीने तेल बंद केलं, अमेरिकेने मदत रोखली, आणि कुवेतमधून जॉर्डनचा पासपोर्ट असलेले तीनेक लाख लोक, बहुतेक पॅलेस्टिनी, परत येऊन उभे राहिले. अमेरिकेशी गाडी रुळावर आली ती 1994 च्या इस्रायलबरोबरच्या करारानंतर. आपल्या पंगतीला दाणा नसताना ज्याने दार लावलं नाही, त्याच्यावर ही वेळ आली. मला हे ऐकून फार वाईट वाटलं. आपल्याकडे त्या दिवसांच्या गोष्टी निघतात तेव्हा विमानांचं कौतुक होतं, आणि ते व्हायलाच हवं: 488 उड्डाणं, पावणेदोन लाखांच्या घरात माणसं. पण ती विमानं उडाली जॉर्डनच्या राजधानीतून, अम्मानहून. अम्मानने धावपट्टी दिली नसती तर?

तेव्हाचे परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दामला भेटले, त्यांच्या गळाभेटीच्या फोटोवरून पुष्कळ टीका झाली. भाई आजही त्या टीकेने चिडतात. "फोटोत नसलेली माणसं आम्ही होतो. रस्ता त्या भेटीने उघडला."

भाई 1992 ला पुन्हा निघाले, जेद्दाला. एका किराणा दुकानात काम मिळालं. दुकान आधी येमेनी माणसाचं होतं, गल्लाही त्याचाच, खिळ्याला त्याची जपमाळ तशीच लटकत होती. येमेन त्या लढाईच्या वेळी सुरक्षा परिषदेचा सदस्य होता आणि 29 नोव्हेंबर 1990 ला इराकविरुद्ध बळ वापरायच्या ठरावाला त्याने आणि क्यूबाने विरोध केला. त्याच्या आधीपासूनच सौदीने येमेनींच्या सवलती काढून घेतल्या होत्या. आठ लाखांच्या आसपास माणसं परत गेली. भाई हळू आवाजात म्हणाले, "एका लढाईने माझं बिऱ्हाड उठवलं, आणि त्याच लढाईने दुसऱ्याची जागा मला दिली. ती जपमाळ मी कधी काढली नाही."

मामाचं ओझं वेगळंच होतं. 31 जुलैला त्याने भाईंकडून 20 दिनार उसने घेतले होते, शनिवारी पगार झाला की द्यायचे. गुरुवारी इराकी आले. पुढे इराकने कुवेती दिनार रद्द केला, आणि मुक्तीनंतर कुवेतने नव्या नोटा काढून जुन्या बाद केल्या. मामा पस्तीस वर्षं ते 20 दिनार मनात घेऊन होता, म्हणून कोकणात यायचं टाळत होता, हे मला त्या ओसरीवर कळलं. त्याने खिशातून पाकीट काढलं. भाईंना काही आठवेना. "कसले दिनार? अरे, माझी चप्पल तुटली तेव्हा तू पायातले बूट काढून दिलेस. मी ते घालून मुंबईत उतरलो. बूट परत करायचे राहिले म्हणून मीच तुला तोंड दाखवत नव्हतो!" मामाला बूट आठवत नव्हते. पाकीट तसंच चटईवर राहिलं, शेवटी चाचींनी ते मामाच्या पिशवीत घातलं.

घराचा मागचा अर्धा भाग नव्या चिऱ्याचा आहे. भाईंनी अर्ज केला होता, सरकारमार्फत संयुक्त राष्ट्रांच्या नुकसानभरपाई आयोगाकडे. कुवेत सोडावं लागलेल्या एकट्या माणसाला 2,500 किंवा 4,000 डॉलर मिळायचे, इराकच्या तेलाच्या पैशातून. त्यातून ती भिंत उभी राहिली. या आयोगाने एकूण 52.4 अब्ज डॉलर मंजूर केले, आणि शेवटचा हप्ता इराकने जानेवारी 2022 मध्ये फेडला. 1990 चा हिशेब, बत्तिसाव्या वर्षी.

रात्री दहाला दोह्याहून व्हिडिओ कॉल आला. सूनबाईंनी जूनमधली ती रात्र सांगितली. आधी आकाश बंद झाल्याची बातमी, मग आभाळात लाल ठिपके, मग काचा हादरवणारे आवाज. मुलांना न्हाणीघरात नेऊन बसवलं. मारा अमेरिकेच्या तळावर होता, पण आभाळ कतारचं होतं. कतारचा सर्वांत मोठा वायुसाठा समुद्राखाली इराणशी सामाईक आहे, आणि अमेरिकेचा या भागातला सर्वांत मोठा तळ त्याच्याच भूमीवर. दोघांपैकी कुणाशीही बोलणं तोडायची त्याला सोय नाही. त्याच रात्री इराणला युद्धबंदीसाठी तयार करण्यात कतारच मधे होता. सप्टेंबरात इस्रायलने दोह्यावर हल्ला केला, तेव्हा सूनबाईंनी पुन्हा न्हाणीघर आवरून ठेवलं. "अब्बा म्हणतात परत या. पण इथे शाळा आहे, हप्ते आहेत," ती म्हणाली. भाई काही बोलले नाहीत. फोन ठेवल्यावर त्यांनी घोंगडीची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली.

दिवस तिसरा : रत्नागिरी

चाचींनी सुके बोंबील आणि कोकमं बांधून दिली. भाईही आमच्याबरोबर रत्नागिरीला निघाले. मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे. आरे-वारेचा रस्ता सकाळी करा, सूर्य पाठीशी असतो आणि समुद्र हिरवा दिसतो. आंब्याला तुरळक मोहोर दिसत होता.

थिबा राजवाड्यात दोन तास कसे गेले कळलं नाही. (सोमवारी संग्रहालय बंद असतं.) तांबडी वास्तू, सागवानी जिने, अर्धगोल खिडक्यांच्या रंगीत काचा. दुपारी त्या काचांतून फरशीवर निळा-तांबडा उजेड सांडतो. भाई त्या उजेडात काठी टेकून उभे राहिले आणि विचारलं, "या राजाला इथे का आणलं?"

ब्रह्मदेशाच्या एका बाजूला इंग्रजांचा हिंदुस्थान, दुसऱ्या बाजूला फ्रेंचांचा इंडोचायना. तिथल्या थिबा राजाने इंग्रजांचा दाब झुगारायला जानेवारी 1885 मध्ये फ्रान्सशी करार केला. पण फ्रान्स तेव्हा टोंकिनवरून (आजचा उत्तर व्हिएतनाम) चीनशी लढण्यात गुंतलेला. मार्चमध्ये त्या लढाईपायी पॅरिसमधलं सरकारच पडलं. थिबाच्या मदतीला येणारं कुणी उरलं नाही. मुंबईच्या एका सागवान कंपनीला केलेल्या दंडाचं निमित्त करून नोव्हेंबरात इंग्रज इरावतीतून वर गेले आणि दोन आठवड्यांत मंडाले पडलं. 1886 मध्ये राजा रत्नागिरीत आला. हा वाडा बांधून झाला 1910 च्या सुमारास, आणि 1916 च्या डिसेंबरात तो इथेच वारला.

शेजारच्या सयामचं (आजच्या थायलंडचं) राज्य मात्र टिकलं. 1893 मध्ये त्याने मेकाँगच्या डाव्या तीरावरचा मुलूख फ्रान्सला दिला, 1909 मध्ये मलायाकडची संस्थानं इंग्रजांना. राजा चुलालोंगकोर्न 1897 मध्ये युरोपभर फिरून झारापासून सगळ्यांना भेटला. दोघा बलाढ्यांनाही मधे कुणीतरी हवंच होतं. हात-पाय कापून दिले पण मान वाचवली. मी हे भाईंना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आणि कापून दिलेल्या मुलखातल्या माणसांना कुणी विचारलं?" त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं तोच खरा प्रश्न आहे. लहान देशाचं शहाणपण आपण राजधानीतून मोजतो.

थिबाच्या समाधीवरही गेलो. 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन इथे येऊन नतमस्तक झाले होते. आम्ही गेलो तेव्हा कुणी नव्हतं. भाईंनी हात उचलून दुआ मागितली, मामाने नमस्कार केला. संध्याकाळी मिरकरवाड्यातून सुरमई घेऊन खानावळीत तळून घेतली. बाजार बघायचा तर बोटी लागतात तेव्हाच जा.

दिवस चौथा : आंबा घाटातून परत

भाईंना सकाळी एसटीत बसवलं. खिडकीतून त्यांनी मामाच्या हातात एक पिशवी कोंबली. वाटेत पालीला उघडून पाहिली तर घोंगडी. मामाने ती मांडीवर घेतली आणि साखरपा येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

साखरप्याला चहाला थांबलो. चहा संपवून मामा म्हणाला, "माझा पासपोर्ट 95 सालीच संपला ना?" मी हो म्हटलं. "नवा काढायला किती दिवस लागतात? भाईचाही बघ. अम्मानला उतरून रुवैशिदपर्यंत गाडी मिळत असेलच."

रस्त्यापलीकडे एक फोटो स्टुडिओ नुकताच उघडत होता. शटर अर्धं वर होतं, त्याखालून वाकून मामा आत शिरला.